खुणांची पारख

मार्च २०१२ मध्ये मुंबईत, विलेपार्ल्याजवळच्या इर्ला येथील वेलंकनी मातेच्या चर्चमध्ये एका क्रुसावरून पाणी ठिबकू लागले. ख्रिस्ताच्या पायांशी जमणारे ते थेंब पाहायला लोक येऊ लागले, तिथे प्रार्थना सुरू झाल्या, काहींनी ते पाणी भक्तिभावाने घरी नेले. बुद्धिवादी चळवळीतील सनल एडामारुकू एका वृत्तवाहिनीच्या बोलावण्यावरून तिथे गेले. त्यांनी क्रूस आणि त्यामागची भिंत तपासली आणि सांगितले की जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याची ओल केशाकर्षणाने भिंतीतून क्रुसापर्यंत चढत आहे. पुढे वाहिनीवर वाद झाला. त्यात त्यांनी चर्चवर केलेले आरोप अनेकांना लागले. काही ख्रिस्ती संघटनांनी पोलिसांत तक्रारी नोंदवल्या, धर्मभावना दुखावल्याबद्दलचे भारतीय दंडसंहितेचे कलम २९५अ पुढे आले आणि अटक होण्याची शक्यता दिसू लागल्यावर एडामारुकू त्याच वर्षी फिनलंडला निघून गेले. मुंबईच्या महाधर्मप्रांताने त्या थेंबांना चमत्कार म्हणून मान्यता दिलेली नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही त्या प्रकरणाकडे मागे वळून पाहिले की एक गोष्ट मला सतत अस्वस्थ करते. ओल कुठून येते हे शोधणारा माणूस देशाबाहेर गेला आणि त्याबद्दल आपल्यापैकी फार थोड्यांना खंत वाटली.

मी ख्रिस्ती आहे. देव या जगात उपस्थित आहे आणि आपल्या उपस्थितीच्या खुणा तो माणसांना देतो, असे मी मनापासून मानतो. याच विश्वासामुळे मला वाटते की त्या क्रुसामागची भिंत तपासण्याचे काम सर्वांत आधी आपण स्वतः करायला हवे होते. देवाच्या नावाने दाखवली जाणारी प्रत्येक गोष्ट देवाची असतेच असे नाही, हे ज्याला देवाविषयी आस्था आहे त्यालाच अधिक जाणवायला हवे. जी खूण त्याची नाही ती त्याच्या नावावर खपू देणे ही त्याच्याविषयी दिलेली खोटी साक्ष ठरते, आणि खोट्या साक्षीविरुद्ध आपल्याला स्पष्ट आज्ञा आहे. मग खरी खूण ओळखायची कशी? माझे उत्तर असे आहे की ती किती विलक्षण आहे यावरून ती ओळखता येत नाही. ती आपल्याकडे काय मागते आणि कोणाच्या दिशेने आपल्याला पाठवते, यावरून तिची पारख होते.

शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकांत, चिन्हांविषयी जे लिहिले आहे ते चमत्कारप्रिय मनाला फारसे सुखावणारे नाही. मत्तयाच्या सोळाव्या अध्यायात परूशी आणि सदूकी या यहुदी धर्मपंथांचे लोक येशूकडे आकाशातून चिन्ह मागतात, तेव्हा तो त्यांना सांगतो की आभाळाच्या रंगावरून तुम्हाला हवामान कळते, पण काळाची लक्षणे मात्र कळत नाहीत, आणि माशाच्या पोटातून वाचलेल्या योना संदेष्ट्याच्या चिन्हाखेरीज दुसरे चिन्ह तुम्हाला मिळणार नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांना भाकरी मिळाल्यानंतर लोक त्याला शोधत सरोवराच्या पलीकडे येतात, आणि तो त्यांना म्हणतो की तुम्ही चिन्हे पाहिलीत म्हणून माझा शोध करत नाही, भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून करता. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तो प्रसंग डोळ्यांदेखत घडूनही त्यांना त्यातली खूण दिसली नव्हती. याच्या उलट लूकच्या दुसऱ्या अध्यायात देवदूत मेंढपाळांना जी खूण सांगतो तिच्यात निसर्गनियमाबाहेरचे काहीच नाही. बाळंत्यात गुंडाळलेले एक मूल गव्हाणीत ठेवलेले आढळेल, एवढेच तो सांगतो. ज्यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही अशा एका गरीब कुटुंबाचे ते बाळ आहे. रात्रीच्या आकाशात झळकलेल्या तेजाला देवदूत खूण म्हणत नाही. खूण गोठ्यात आहे, आणि ती पाहायची तर मेंढपाळांना उठून तिथवर चालत जावे लागते.

जुन्या करारात तर खुणांविषयीची सावधगिरी आज्ञेच्या स्वरूपातच आली आहे. त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात असे बजावले आहे की एखाद्या संदेष्ट्याने सांगितलेले चिन्ह खरे ठरले, पण तो तुम्हाला परमेश्वरापासून दूर नेत असला, तर त्याचे ऐकू नका. म्हणजे चिन्ह खरोखर घडले एवढ्याने प्रश्न सुटत नाही. याहूनही बोलकी कथा पितळेच्या सापाची आहे. रानात सर्पदंशाने मरणाऱ्या इस्राएल लोकांसाठी मोशेने देवाच्याच आज्ञेने तो साप घडवून खांबावर लावला होता, आणि ज्यांनी त्याच्याकडे पाहिले ते वाचले. पुढे शतके लोटली, लोक त्या सापापुढे धूप जाळू लागले, आणि हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. शास्त्र त्याबद्दल राजाला दोष देत नाही, त्याची वाखाणणी करते. देवाने दिलेली, खरी ठरलेली, लोकांचे प्राण वाचवलेली खूणसुद्धा जेव्हा स्वतःच पूजेचा विषय होते, तेव्हा ती मोडणारा माणूस देवाचा शत्रू नसतो. इर्ल्याच्या प्रकरणात आपल्याला हिज्कीयाची आठवण झाली असती तर बरे झाले असते.

तपासणी म्हणजे अश्रद्धा, ही समजूत ख्रिस्ती परंपरेत मुळात बसतच नाही. ‘सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा,’ असे पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिले आहे, आणि त्याच ओळींत आत्म्याला विझवू नका असेही सांगितले आहे. विझवणे आणि पारखणे यांतला फरक त्याला ठाऊक होता. १८५८ मध्ये फ्रान्समधील लूर्द येथे बर्नाडेट सुबिरू या चौदा वर्षांच्या मुलीने आपल्याला एका स्त्रीचे दर्शन होते असे सांगितले, तेव्हा तिच्यावर सर्वांत आधी अविश्वास दाखवणाऱ्यांत तिच्या गावचे धर्मगुरू होते. गुहेतले गुलाबाचे झुडूप हिवाळ्यात फुलवून दाखवावे, अशी खूण त्यांनी मागितली. झुडूप फुलले नाही. मुलीने हातांनी चिखल उकरला तिथून झरा वाहू लागला. बिशपांनी नेमलेल्या समितीने चौकशी केल्यावर जवळजवळ चार वर्षांनी, १८६२ मध्ये, त्या दर्शनांना मान्यता मिळाली. १८८३ पासून तिथे वैद्यकीय तपासणीचे कार्यालय आहे आणि तिथल्या कागदपत्रांची छाननी करणाऱ्या डॉक्टरांना त्यांचा धर्म विचारला जात नाही. बरे झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे तिथे नोंदले गेले आणि त्यांतील साधारण सत्तर चर्चने चमत्कार म्हणून स्वीकारले. आजार गंभीर होता का, बरे होणे तत्काळ, पूर्ण आणि टिकाऊ होते का, उपचारांनी त्याचे स्पष्टीकरण होते का, हे निकष पुढे चौदावे बेनेडिक्ट या नावाने पोप झालेल्या लाम्बर्तिनी यांनी अठराव्या शतकातच मांडून ठेवले होते.

१७ मे २०२४ रोजी व्हॅटिकनने कथित अलौकिक घटनांच्या तपासणीचे नवे नियम जाहीर केले आणि १९७८ पासून चालत आलेली पद्धत बदलली. आता एखादी घटना अलौकिक आहे असे जाहीर करणे हा तपासणीचा सर्वसाधारण निष्कर्षच राहिलेला नाही. बिशपांपुढे सहा प्रकारचे निर्णय ठेवले आहेत आणि त्यांतला सर्वांत अनुकूल निर्णयही ‘हरकत नाही’ एवढ्यावर थांबतो. घटनेतून कोणी पैसा, सत्ता किंवा प्रसिद्धी मिळवतो आहे का, हे पाहायला सांगितले आहे. दर्शनाच्या किंवा साक्षात्काराच्या नावाखाली माणसांवर ताबा मिळवणे आणि त्यांचे शोषण करणे हा विशेष गंभीर अपराध मानला आहे. जगभरच्या कॅथलिकांना लागू असणारे हे नियम आपल्या धर्मग्रामांतून, म्हणजे एकेका चर्चच्या स्थानिक मंडळींतून, किती ठिकाणी वाचून दाखवले गेले असतील याविषयी मला शंका आहे. ते वाचून दाखवले पाहिजेत, कारण सामान्य श्रद्धावंताच्या मनातली भीती त्याने थोडी कमी होईल. थेंबांची तपासणी झाली तर आपला देव उघडा पडेल, अशी ती भीती आहे.

थेंबांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. कठीण प्रश्न येतो तो संकटातून वाचलेल्यांच्या साक्षीचा. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी त्सुनामीच्या लाटा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळल्या. मुंबई, वसई आणि गोव्यातूनही भाविक ज्या वेलंकनीला जातात ते तीर्थस्थान नागपट्टिनम जिल्ह्यात आहे, आणि त्या एका जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे मरण पावली. नाताळची यात्रा चालू होती. किनाऱ्यावर गेलेले शेकडो भाविक वाहून गेले. मंदिराच्या आत मात्र पाणी शिरले नाही, आत मिस्साला, म्हणजे उपासनेला, बसलेले लोक वाचले, ही गोष्ट पुढे कितीतरी वर्षे मातेच्या कृपेची खूण म्हणून सांगितली गेली. जो वाचला त्याने गुडघे टेकून आभार मानावेत, ते आभार मला पवित्र वाटतात आणि त्यांच्यावर बोट ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण तीच कृतज्ञता जेव्हा व्यासपीठावरून सिद्धान्त होऊन येते, तेव्हा तिच्यातून एक वाक्य न बोलता बोलले जाते. ते असे की जे किनाऱ्यावर होते त्यांच्याजवळ देव नव्हता. आई गमावलेल्या मुलाला हे वाक्य बरोबर ऐकू येते.

येशूने या विचाराला नावानिशी नकार दिला आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली तेव्हा ती यरुशलेमेतल्या इतरांहून अधिक अपराधी होती असे तुम्हाला वाटते का, असे विचारून त्याने स्वतःच ‘नाही’ असे उत्तर दिले. जन्मांधाला पाहून कोणाच्या पापाचे हे फळ, असे शिष्यांनी विचारले तेव्हाही त्याने तो हिशेब मांडू दिला नाही. आपत्तीत कोण मेले आणि कोण वाचले यावरून देवाची पसंती-नापसंती वाचण्याची सवय ज्याला आहे, त्याने हे दोन उतारे पुन्हा वाचावेत. माझ्या समजुतीप्रमाणे कोणत्याही खुणेच्या वाचनाला एक साधी अट असली पाहिजे. ते वाचन, ज्यांच्या वाट्याला कृपा आली नाही असे दिसते, त्यांच्यासमोर उभे राहून मोठ्याने म्हणता आले पाहिजे. वेलंकनीच्या किनाऱ्यावर त्या दिवसानंतर प्रेते उचलणारे, अन्न शिजवणारे, अनाथ मुलांना आसरा देणारे जे हात होते, त्यांच्याविषयी ‘इथे देव होता’ असे त्या मुलासमोरही म्हणता येते.

या संदर्भात महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला पंडिता रमाबाईंकडे वळल्यावाचून राहवत नाही. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पसरला होता. रमाबाईंनी आपले आईवडील तरुणपणी अशाच उपासमारीच्या दिवसांत गमावले होते आणि अन्नावाचून भटकणे म्हणजे काय, हे त्यांना स्वतःच्या देहाने ठाऊक होते. तो दुष्काळ कोणाच्या पापाची शिक्षा आहे याचे निदान करत बसण्यापेक्षा त्यांनी त्यात आपल्यासाठी आलेली देवाची हाक ऐकली, त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, इतक्या मुली ठेवायला जागा नव्हती, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय झाली आणि तिथे मुक्ती सदन उभे राहिले. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि १९०० च्या सुमारास तिथे जवळजवळ दोन हजार माणसे राहत होती. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, शाळा चालली, विणकाम आणि छपाई मुली स्वतः शिकल्या. अंध मुलींना ब्रेलमधून वाचायला शिकवले गेले. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. रमाबाईंनी मूळ भाषांवरून मराठीत केलेले बायबल छापण्याचे काम याच मुलींच्या हातांनी झाले.

याच मुक्ती सदनात १९०५ च्या जूनमध्ये मोठे आत्मिक जागरण झाले. प्रार्थना करता करता मुली रडू लागल्या, पापे कबूल करू लागल्या, आपल्या आत अग्नी पेटल्याचा अनुभव सांगू लागल्या. अशा आवेशाविषयी काही पाश्चात्त्य ख्रिस्ती लोकांनीही नापसंती दाखवली, पण रमाबाईंनी ते दडपले नाही. पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास लिहिणारे आज केडगावचे नाव आदराने घेतात आणि ते योग्यच आहे. तरीही मला वाटते की मुक्ती सदनातली देवाची खूण शोधायला आपण १९०५ च्या प्रार्थनासभेत जातो तेव्हा नऊ वर्षे उशिरा पोचतो. दुष्काळाच्या रस्त्यावरून उचलून आणलेली मुलगी नहाते, जेवते, अक्षर गिरवते आणि तिला स्वतःचे नाव लिहिता येते, इथे ती खूण आधीच उमटलेली होती. १९०५ चे अश्रू खरे मानायला मी तयार आहे, कारण त्यांच्या आधी आणि नंतर ते धान्य, त्या विहिरी आणि ती पुस्तके आहेत. त्यांच्याशिवाय तोच आवेश मला एवढा विश्वासार्ह वाटला नसता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो दोन्ही बाजूंनी येतो. श्रद्धावंत म्हणतो की तुम्ही देवाला समाजकार्यात विरघळवून टाकलेत. बुद्धिवादी म्हणतो की भुकेल्याला अन्न देण्यासाठी देवाची गरजच काय? दोघांनाही मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाचा प्रसंग उत्तर देतो असे मला वाटते. ‘ज्या अर्थी तुम्ही ह्या माझ्या कनिष्ठ बंधूंपैकी एकाला केले त्या अर्थी ते मला केले आहे,’ हे त्यातले वाक्य प्रत्येक ख्रिस्ती माणसाला पाठ असते. त्याच्या आधीचा प्रश्न मात्र आपण घाईने ओलांडतो. प्रभू, आम्ही तुला भुकेला असा केव्हा पाहिले, असे नीतिमानही विचारतात. त्यांनी त्याला ओळखले नव्हते. देवाची खूण समोर असताना ती ओळखू न येताही माणूस तिला योग्य प्रतिसाद देऊ शकतो, आणि ती ओळखल्याचा दावा करणारा तिला पाठमोरा असू शकतो, हे येशूने स्वतः सांगितले आहे. तेव्हा देवाला न मानणाऱ्याच्या हातून झालेले चांगले काम पाहून ख्रिस्ती माणसाला अडचण वाटण्याचे कारण नाही. तो त्यातही आपल्या प्रभूला ओळखू शकतो, आणि त्या माणसाने तसे मानावे असा आग्रह धरण्याची त्याला गरज नसते.

पण देव समाजकार्यात विरघळतो असे यातून निघत नाही. ख्रिस्ती माणूस भुकेल्याकडे पाहून गरजूला मदत करण्याच्या कर्तव्यापलीकडचे काही म्हणत असतो. समोरच्या माणसात मला कोणीतरी भेटतो आहे, त्याने माझी वाट पाहिली आहे, आणि ही भेट माझ्या तारणाशी जोडलेली आहे, असे तो म्हणतो. हा श्रद्धेचा दावा आहे आणि तो कोणत्याही प्रयोगशाळेत सिद्ध होणारा नाही. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य पुनरुत्थित ख्रिस्ताबरोबर बराच वेळ चालले, त्याच्याशी शास्त्रांवर बोलले, आणि तरी त्यांना तो कळला नाही. अनोळखी सोबत्याला त्यांनी रात्रीपुरते थांबण्याचा आग्रह केला, तो जेवायला बसला आणि त्याने भाकरी मोडली तेव्हा त्यांचे डोळे उघडले. प्रभुभोजनाच्या मेजाशी दर रविवारी आपण ज्याला ओळखतो, त्याची ओळख त्या दोघांना परक्या माणसाला घरात घेतल्यावर पटली होती. उपासना आणि सेवा यांची फारकत करणाऱ्यांना या कथेत जागा मिळत नाही.

सृष्टीविषयीही असेच म्हणावे लागेल. आकाश देवाचा महिमा वर्णन करते असे बायबलमधला स्तोत्रकर्ता म्हणतो. डोंगर, समुद्र, पहिला पाऊस यांत देवाची खूण दिसते असे म्हणणे सर्वांना सोपे जाते, कारण त्याला काही किंमत मोजावी लागत नाही. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ती किंमत मोजली. हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीतून त्यांनी बागायती, विहिरी आणि भूजल वाचवण्यासाठी पाणउपशाविरुद्ध आणि बेबंद बांधकामांविरुद्ध उघड लढा दिला, धमक्या सोसल्या. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा महाराष्ट्राने त्यांना लेखक म्हणून गौरवले. मला त्यांचे ते आंदोलन हेच स्तोत्राचे सर्वांत प्रामाणिक वाचन वाटते. पृथ्वी परमेश्वराची आहे असे गाणाऱ्या मंडळीने टँकरने उपसली जाणारी विहीर पाहून गप्प बसावे, हे जमणारे नाही.

आणि ज्याला काहीच दिसत नाही, त्याचे काय? मदर तेरेसा यांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की कोलकात्यातल्या कामाच्या सुरुवातीपासून पुढची जवळजवळ सगळी वर्षे त्यांनी आतल्या अंधारात काढली. देव आहे याचा जाणवणारा दिलासा त्यांना मिळत नव्हता. काहींनी यावरून त्यांना ढोंगी ठरवले. काही भाविकांनी घाईघाईने त्या अंधारालाच गूढ कृपेचे नाव दिले. मला दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या वाटतात. बायबलमधले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधाराच्या उल्लेखावरच संपते, त्याला शेवटी कसलाही दिलासा जोडलेला नाही, आणि तरी ते प्रार्थनापुस्तकात आहे. खुद्द येशूने क्रुसावर बाविसाव्या स्तोत्राचे पहिले शब्द उच्चारले, तू माझा त्याग का केलास, असे विचारले, आणि त्या क्षणी आकाशातून उत्तर आले नाही. म्हणून ज्या श्रद्धावंताला प्रार्थनेत काही जाणवत नाही, त्याची श्रद्धा कमी पडली असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही धर्मगुरूला किंवा पाळकाला नाही. मदर तेरेसांना स्वतःसाठी खूण मिळत नव्हती आणि त्यांच्या हातून मरणाऱ्यांच्या ओठांना लागलेले पाणी मात्र इतर हजारोंसाठी खूण झाले. हे दोन्ही एकाच आयुष्यात खरे होते.

आता आपल्याकडच्या चंगाई सभांविषयी, म्हणजे आजारी बरे व्हावेत म्हणून भरणाऱ्या प्रार्थनासभांविषयी, बोलले पाहिजे, कारण या चर्चेची सामाजिक बाजू तिथे सर्वांत तीव्र होते. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करणे, त्यांच्या डोक्यावर हात ठेवणे हे शुभवर्तमानाला धरून आहे आणि मंडळीने ते सोडू नये. चंगाईच्या नावाखाली धर्मांतर चालते असा आरोप करून घरगुती प्रार्थनेवरही जमाव चालून जातो, अशा घटना देशात घडल्या आहेत, आणि त्या सरळसरळ अन्याय आहेत. पण आपल्यावर अन्याय होतो म्हणून आपल्या आतले असत्य तपासण्याची जबाबदारी टळत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर काही महिन्यांतच महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कारांचा प्रसार करून लोकांना फसवणे, लुबाडणे किंवा त्यांच्यावर दहशत बसवणे त्याखाली गुन्हा ठरते. प्रामाणिक प्रार्थनेला त्या कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन सोडायला सांगणाऱ्या, क्षयाचे औषध अर्धवट टाकायला लावणाऱ्या वक्त्याला मात्र ती असली पाहिजे, आणि त्याला कायद्याच्या आधी मंडळीनेच अडवले पाहिजे. लूक वैद्य होता, असे पौलाच्या पत्रात नोंदलेले आहे. वैद्यकाला देवाचा प्रतिस्पर्धी मानणारी शिकवण ख्रिस्ती म्हणवून घेऊ शकत नाही.

म्हणून धर्मप्रांतांनी आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांनी काही गोष्टी उघडपणे स्वीकाराव्यात, असे मला वाटते. एखाद्या मूर्तीतून, क्रुसातून, चित्रातून काही पाझरू लागले तर पहिल्याच दिवशी गवंडी आणि नळकारागीर बोलवावा, गरज पडल्यास रसायनशास्त्रज्ञाला विचारावे आणि जे आढळेल ते रविवारच्या उपासनेत सांगावे. तोवर तिथे दानपेटी असू नये. बाहेरच्या कोणी, नास्तिकानेही, तपासणी करू म्हटले तर त्याला दार उघडावे, आणि त्याच्या निष्कर्षाशी मतभेद असेल तर लेखाने किंवा भाषणाने उत्तर द्यावे. पोलिसांत जाऊ नये. एडामारुकू यांच्या विरोधातल्या तक्रारी मागे घ्याव्यात, ही मागणी तेव्हा आपल्यातून मोठ्या आवाजात उठायला हवी होती. त्यांची टीका कितीही कठोर असली, तरी ज्याने वधस्तंभावरून आपल्या मारेकऱ्यांना क्षमा केली त्याच्या अनुयायांना ती मागणी करणे अवघड जायला नको होते. बरे झाल्याचा दावा व्यासपीठावरून सांगण्याआधी डॉक्टरांचे कागद पाहावेत आणि त्या माणसाची संमती घ्यावी. सहा महिन्यांनी तो कसा आहे हेही त्याच व्यासपीठावरून सांगावे.

आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण जे बरे झाले नाहीत, त्यांच्या घरी जावे. चंगाई सभांत साक्ष द्यायला बरे झालेलेच उभे राहतात. आजार तसाच घेऊन परत गेलेल्या बाईची साक्ष कोणी मागत नाही, आणि तुझाच विश्वास कमी पडला असेल, हे वाक्य तिला अनेकदा ऐकावे लागते. आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचारास आलात, असे येशू त्याच पंचविसाव्या अध्यायात म्हणतो. तिथे समाचाराला येणाऱ्याने आजाऱ्याला बरे केले असे म्हटलेले नाही. तो आला, एवढेच म्हटले आहे. मंडळीने आपल्या वार्षिक अहवालात बरे झालेल्यांची यादी छापण्यापेक्षा अंथरुणाला खिळलेल्यांकडे किती जण किती नियमाने जातात ते छापावे, आणि पुढच्या साक्षीच्या सभेत त्या बाईला, तिची इच्छा असेल तर, बोलू द्यावे.